दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण

बायको गेली. त्यानंतर घरी बसायला जे जे आले त्या सगळ्यांनी तिच्या हाताची तारीफ केली. हाताला गुण होता म्हणे. तिनं हात लावलेलं पिल्लू कधी दगावलं नाही म्हणे. मी चहा पाजला, सुपारी दिली, ऐकून घेतलं. मनात म्हटलं, लेकहो, तुमच्या बापांनी याच अंगणात बसून याच हाताला काय काय म्हटलं होतं ते मी विसरलेलो नाही.

म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर वाकडं येईल. पण खोटं येणार नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमची वस्ती वलगावच्या बाहेर, नाल्याच्या काठी. पाच-सहा घरं, सगळी भाऊबंदांची. धंदा डुकरं पाळायचा. गावातला माणूस वस्तीवरून जायचा तर नाकाला धोतराचा सोगा लावायचा. पण पेव उपसायचं असलं की तोच माणूस बोलवायला यायचा, कारण पेवात उतरायला दुसरं कोणी तयार नसे.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. पाटलाच्या वाड्यामागं होती. ज्वारी भरून तोंड बुजवून टाकायचे. उघडलं की आतली हवा माणूस मारते, म्हणून आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर आमचा माणूस उतरायचा. मधली चांगली ज्वारी पाटलाच्या घरात जायची. कडेची, ओल लागून तिची ढेकळं झालेली, वर राखी-हिरवी बुरशी चढलेली, ती आमच्या डुकरांना. ही रीत माझ्या आजाच्याही आधीची.

ती ज्वारी माझी माय भरडायची आणि एका मोठ्या मातीच्या हंडीत पाणी घालून ठेवायची. वर फेस धरेपर्यंत. आंबट वास अंगणभर. त्याला आम्ही आंबोण म्हणायचो. हंडी कधी धुवायची नाही. तळाशी थोडं आंबोण राहू द्यायचं, दह्याला विरजण ठेवतात तसं. पिल्लांचं दूध तोडलं की पहिलं खाणं या हंडीतलं. लेकराचं दूध तोडताना आपण आंबील पाजतो तसंच हे, असं माय म्हणायची. हंडी तिला तिच्या सासूकडून मिळालेली. त्या हंडीवर तिचा जेवढा जीव होता तेवढा माझ्यावर होता की नाही, मला शंकाच आहे.

घरात नवी सून आली की त्या वर्षीच्या पिल्लांचं दूध तिच्या हातानं तोडायचं, हीही वस्तीची रीत. माझी बायको अकोल्याकडची. तिच्या माहेरीही डुकरंच. लग्नाला वर्ष व्हायचं होतं.

त्या साली पाटलाच्या पेवात पाणी मुरलं होतं. कडेची ज्वारी जास्तच निघाली आणि जास्तच काळी. त्यातून मायला घाई. काकाचा नर तेव्हा मोकळा होता, डुकरीण लवकर पुन्हा गाभण राहावी म्हणून पिल्लं लहान असतानाच तोडायला काढली.

बायको म्हणाली, "आत्याबाई, आमच्या इकडे थोडी मोठी झाल्यावर तोडतेत. अन कण्या शिजवून ऊन ऊन देतेत."

माय म्हणाली, "मंग तुह्या इकडेच काऊन नाही राहिली?"

बायकोनं पदर खोचला. हंडीतलं आंबोण घेतलं, दगडी डोणीत ओतलं, पिल्लं डोणीवर सोडली. आधी तोंड लावेनात. मग भुकेनं खाल्लं.

दोन-तीन दिवसांत हगवण लागली. पिवळी, पाण्यासारखी, वर फेस. शेपट्या चिकटून गेल्या. कातडी ढिली पडली, पाठीचा कणा दिसायला लागला, उभ्या उभ्या थरथरायची. दोन मेली. काकाकडची पिल्लं आईच्या अंगाला होती, ती ठणठणीत. मोठी डुकरं तीच ज्वारी खात होती, तीही ठणठणीत. मधली हीच तेवढी, दूध तुटलेली, एकेक करून झडायला लागली.

माझा पहिला संशय पाटलावर गेला. आमची डुकरं त्याच्या भुईमुगात शिरली होती आणि त्यानं चारचौघांत दम दिला होता. तेव्हा शेतावर मारायची पांढरी पूड नवी नवी आली होती. म्हटलं, यानं ज्वारीत पूड मिसळली. मी ती ज्वारी चार कोंबड्यांना घातली आणि समोर बसून राहिलो. कोंबड्या खाऊन उकिरड्यावर निघून गेल्या. तरी संशय पुरता फिटला नाही. कोंबडीचं पोट आणि डुकराचं पोट एक नसतं असं मी मनाला सांगितलं.

वस्तीचा संशय दुसरीकडे होता. काका, म्हणजे माझ्या बापाचा मोठा भाऊ, वस्तीचा कारभारी. बाप मेल्यापासून आमच्या घरातलंही तोच ठरवायचा. तो अंगणात येऊन खाटेवर बसला, मेलेलं पिल्लू काठीनं उलटं केलं आणि म्हणाला, "कोण तोडली?"

"सुनेनं," माय म्हणाली.

"हं. पांढऱ्या पायाची हाय. मी सोयरिकीच्या वक्तीच म्हटलं होतं."

"तुम्ही सोयरिकीच्या वक्ती तीन वेळा मटण मागून घेतलं, बाकी काई नाही म्हटलं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. मायला म्हणाला, "सारी पिलं मेली तं पोरगी ठेवता येत नाही. आज पिलं हायेत, उद्या घरातलं लेकरू राहीन. तिच्या भावाले निरोप धाडतो. येऊन घेऊन जाईन."

आणि अकोल्याला जाणाऱ्या एका माणसाजवळ त्यानं निरोप धाडलाही. असं हे साधं होतं. पिल्लं मेली की बायको जाणार. ती आत चुलीपाशी बसून हे ऐकत होती.

मला लोक विचारतात, तुला तिचा संशय आला नाही का? नाही आला. त्यात माझं मोठेपण काही नाही. मी कोणावर भरवसाच ठेवत नाही, तर काकावर कशाला ठेवू? जो माणूस स्वतःच्या नराची तारीफ करून दुसऱ्याचं पिल्लू मागतो, त्याला आमच्या घरातलं वाईट बरोबर दिसतं, हे मी लहानपणापासून पाहत होतो.

अमरावतीला जनावरांचा दवाखाना होता. आमच्यातला कोणी तिथं जात नसे. बैल-म्हशी घेऊन कास्तकार जायचे. मी एक आजारी पिल्लू टोपल्यात घातलं, वर फडकं बांधलं आणि मोटारीला हात दाखवला. कंडक्टर म्हणाला, "काय हाय टोपल्यात?" मी म्हटलं, "दुखणाईत हाय." तेवढ्यात दुखणाइतानं वास सोडला. कंडक्टरनं घंटी मारली. मी पायी गेलो.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. बोलणं स्वच्छ, शर्ट स्वच्छ. मला असल्या माणसाचा संशय जास्त येतो. त्यालाही माझा आला.

"कोणी विष घातलं असं तुमचं म्हणणं आहे का? तुम्हाला दाखला हवाय? कोणावर केस करायची आहे?"

"मले दाखला नाही पाहिजे. पिलं काऊन हगून राहिली ते पाहिजे."

त्यानं पिल्लाच्या बुडाखाली काचेची पट्टी धरली, थोडं घेतलं, त्यावर दोन थेंब कसले तरी टाकले आणि पितळी नळीच्या दुर्बिणीत बघत बसला. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाला, "या, तुम्हीच बघा."

मला आधी माझी पापणीच दिसली. मग डोळा स्थिरावला तेव्हा लहान लहान गोल दाणे दिसले. साबुदाण्यासारखे, पण जिवंत वाटावे असे. काही दाण्यांना बाजूनं अजून एक बारीक दाणा चिकटलेला, जसं लेकरू आईच्या काखेला असतं. ढीगभर होते.

"ही बुरशी आहे," तो म्हणाला. "आतड्यात वाढलेली."

"पोटात बुरशी? पापडाले येते थे?"

"त्याच जातकुळीतली. ही गोल असते, अशी अंकुर फोडून वाढते. ताडी फसफसते ती अशाच बुरशीनं."

मी म्हटलं, "तुमच्या काचेलेच लागली असन."

त्याचा चेहरा लाल झाला. पण माणूस इरेला पडला. पट्टी धुतली, नुसतं पाणी ठेवलं, म्हणाला, "बघा." पाण्यात काही नव्हतं. "आता समाधान?"

"पाण्यानं झालं. धड पिलाच्या गुवात थे नसते, हे कसं समजावं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हाकलतो. तो म्हणाला, "धड पिल्लाचं घेऊन या. आणि ती काय खातात, तेही आणा."

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. काकाच्या आईपित्या पिल्लाचं एका पळसाच्या पानात नेलं, काकाला न सांगता. हंडीतलं आंबोण एका डब्यात नेलं, मायला न सांगता. धड पिल्लात ते दाणे होते, पण शोधावे लागले. आंबोणात तर गर्दी होती, सगळे अंकुर फुटलेले.

मी म्हटलं, "म्हणजे हंडीनं मारली."

आता मजा अशी की, डॉक्टरच मागं सरकला. म्हणाला, "असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आईचं दूध एकदम तुटलं की पिल्लाचं पोट बिघडतंच. बिघडलेल्या पोटात ही बुरशी माजते, की ही माजल्यामुळं पोट बिघडतं, हे मला इथं बसून ठरवता येणार नाही. शिवाय पेवातल्या ज्वारीवरची बुरशी वेगळी, तिच्यातही विष असू शकतं. आंबवलेलं बंद करा. ताज्या कण्या शिजवून द्या. गूळ-मिठाचं पाणी पाजा. जागा कोरडी ठेवा. पुढच्या वेळी एवढी लहान तोडू नका."

वर एक पूड दिली. मी ती रस्त्यात आधी स्वतः चाटली. तोंड कडू झालं, बाकी काही झालं नाही.

घरी येऊन सांगितलं तर माय म्हणाली, "हंडीत बुरशी हाय? माह्या सासूनं चारली, मी चारली. तवा कोणती बुरशी होती?"

"तवाई मरत होती, माय. दरसाल मरत होती."

"मरतेच न थोडी. थे देवाची."

"देवाची होती तं औंदा सुनेची कशी झाली?"

माय उठून गेली. मला वाटलं, बोललो ते बरोबर बोललो, पण यानं निरोप काही अकोल्याहून परत येत नाही. डॉक्टरचं नाव सांगितलं असतं तर काका हसला असता. आणि खरं सांगायचं तर डॉक्टर स्वतःच शपथ घ्यायला तयार नव्हता.

तोड बायकोनं काढली. भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आत्याबाईले म्हणा, राहिलेली पिलं वाटून घ्या. अर्धी त्याहीनं त्याहीच्या हातानं हंडीतलं चारावं. अर्धी मी माह्या हातानं शिजवून चारते."

"अन तुह्यी मेली तं?"

"तं जाईन. कशीबी जाऊनच राहिली न?"

मायला हे पटलं. तिला खात्रीच होती. डुकरांच्या खोपटाच्या मधोमध तुराट्यांचा कूड घातला. जी धड चालत होती ती दोन्हीकडं सारखी केली, जी लोळली होती तीही. त्यानंतर जे दिवस गेले ते मी विसरत नाही. एका घरात तीन माणसं आणि तिघांची नजर एकमेकांच्या हातावर. माय पाणी आणायला गेली की बायको कुडाजवळ जात नसे, कारण मग म्हटलं असतं हिनं काही टाकलं. बायको कण्या शिजवायची तर माय चुलीसमोर पाटावर बसून बघायची. "काय टाकलं वं?" "मीठ, आत्याबाई." "चाख." ती चाखायची. मग माय चाखायची. मी बाहेरून दोघींना बघायचो, कारण मला मायचाही भरवसा नव्हता. हंडीवाल्यांना ती चोरून ताज्या कण्या देते की काय, असं मला वाटायचं. एकदा ओंजळीत काही लपवून नेताना मी तिला धरलं, तर निघाली विड्याची पानं.

निकाल काही चोख लागला नाही. ज्यांना नुसतं शिजवलेलंच चांगलं दिसतं त्यांनी हे ऐकावं. बायकोकडचंही एक मेलं. मायकडचं एक हंडीतलं खाऊन टुणटुणीत झालं, ते कसं हे मला आजपर्यंत समजलं नाही. पण मायकडची बाकीची आडवी झाली, आणि बायकोकडच्यांची हगवण थांबली, शेपट्या सुकल्या, डोणीवर एकमेकांना ढुसण्या द्यायला लागली. डॉक्टरची पूड मी दोन्हीकडं सारखी दिली होती.

काका पंच घेऊन आला. अंगणात चार म्हातारे बसले. काका म्हणाला, "निरोप पोचला. पोरीचा भाऊ निंघाला असन. काय तं बोलून टाका."

आमच्यात सून वडीलधाऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडं. बायको खोपटाच्या दाराशी बसली होती. तिनं मायच्या कुडातलं एक मरतुकडं पिल्लू उचलून मांडीवर घेतलं आणि त्याच्याशी बोलायला लागली. आवाज मात्र अंगणभर जाईल एवढा.

"काय रे बाप्पा, तुले काय झालं? हगवण? तुले कोण चारलं रे? मी तं नाही चारलं. मी तुले हातबी नाही लावला, आज पहिल्यांदा घेतलं. मंग तुले कोणाचा हात बाधला? सांग न सोन्या. मोठे मामंजी बसले हायेत, त्याहीले सांग."

म्हातारे खाली बघायला लागले. एकजण खोकला. काकानं मायकडं पाहिलं. आता तो फसला होता. हात वाईट म्हणावा तर त्याच्या भावाच्या बायकोचा, वस्तीतल्या सगळ्यात जुन्या बाईचा हात वाईट म्हणावा लागत होता, आणि तिच्या हातानं तोडलेली पिल्लं वस्तीतल्या प्रत्येक घरात गेलेली. बुरशीचं मी एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर हात सोडून डॉक्टरवर घसरायची पळवाट त्यांना सापडली असती.

शेवटी मायच बोलली. "हाताचं काई नाही. हंडीले कोणाची तरी नजर लागली. पाटलीण आली होती कोंडा घेऊन, तवा वाकून वाकून पाहत होती."

"पाटलीणच," काका लगेच म्हणाला. "तिची नजर वाईटच हाय."

अशी ती गोष्ट पाटलिणीवर गेली. ती बिचारी आयुष्यात कधी आमच्या हंडीत वाकली असेल असं मला वाटत नाही. मायनं हंडी नाल्यात नेऊन फोडली आणि माणूस गेल्यासारखी रडली. पुढं मरेपर्यंत ती मला एकट्यात सांगायची, "तुह्या बायकोनंच हंडीत काई टाकलं होतं. तुले नाही समजत."

पंच बसले त्यानंतर दोनच दिवसांनी बायकोचा भाऊ आला. बडनेऱ्याला गाडीतून उतरून पायी आला होता, घामानं भिजलेला. रामराम नाही, पाणी नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "चाल बाई, उठ. ज्या घरानं पिलापायी माणूस काढलं त्या घरचं पाणी मी पेत नाही."

मी म्हटलं, "साळेबुवा, मिटलं थे सारं. पंचानं सोडून देलं."

"पंचानं सोडलं. तिनं कुठं सोडलं? इचारलं का तिले?"

नव्हतं विचारलं. मला वाटलं होतं, निरोप फिरला म्हणजे झालं. बायको दारात उभी होती. हातात कण्यांचं पातेलं. तिनं लुगड्यांची बोचकी बांधून ठेवली होती हे मला तेव्हा दिसलं. कधी बांधली कोणास ठाऊक. पंचांच्या आधी बांधली की नंतर, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

मी म्हटलं, "जायचं असन तं जाय. पिलाचं मी पाहीन."

"तुमी काय पाहसान? कण्या करपवसान."

"करपल्या तं करपल्या."

ती हलली नाही. मायकडं बघत राहिली. भाऊ मायकडं बघायला लागला, मीही. माय खाटेवर पान लावत होती. पान लावून झालं, तोंडात घातलं, तरी बोलेना. मग भावाला म्हणाली, "तुही बहीण गेली तं पिलाले शिजवून कोण घालीन? मले चुलीचा धूर सोसत नाही."

भाऊ म्हणाला, "हे काय बोलणं झालं?"

बायको म्हणाली, "त्याहीच्या तोंडून एवढंच निंघते. हातपाय धू, दादा. भाकर टाकते."

त्यानं पायताण काढलं. मग माठातलं पाणी घेतलं. जेवला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, पुढच्या वक्ती निरोप येऊ देऊ नका. मी बोलवायले नाही येणार, भांडायले येईन."

बोचकी दोन-तीन दिवस तशीच खुंटीखाली पडून होती. मग एकदा बघितली तर लुगडी दोरीवर वाळत होती. ती माझ्यासाठी थांबली की मायचं ते वाकडं बोलणं ऐकून, की कुडामागं ढुसण्या देणाऱ्या त्या चार पिल्लांसाठी, हे मी कधी विचारलं नाही. आधी भीती वाटायची, मग लेकरं झाली, मग ते विचारायचं वय राहिलं नाही. पिल्लांसाठी थांबली असावी, असा माझा संशय आहे. तिला विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं. आता सांगणारं कोणी नाही, आणि बसायला येणाऱ्यांपैकी कोणाचं ऐकून मी खरं धरणारही नाही.